कुचंबणेचा कोन : लोणारचा काळा दगड आणि ट्रॉम्बेची अणुभट्टी

हा धागा लांबणार आहे. यात लढाया कमी आणि दगड जास्त आहेत; तरीही तो इतिहासाचाच आहे.

लोणारचे विवर उल्कापाताने झाले, हे आज बुलढाणा जिल्ह्यातील शाळकरी मुलेही सांगतात. पण हे कळले कसे, असे विचारले की बहुतेकांची उत्तरे संपतात. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे बहुतेक अभ्यासकांचा कल ज्वालामुखीकडेच होता. सारा दख्खन लाव्हाचा, तेव्हा हा खड्डाही लाव्हाचाच, हा तर्क सहज पटण्यासारखा होता. त्याला निर्णायक धक्का बसला १९७३ साली. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यात पुरावा होता विवराच्या तळाखालून काढलेल्या दगडांतील मास्केलिनाइटचा. फेल्डस्पार हे बेसाल्टमधील नेहमीचे खनिज. येथे त्याच्या कणांचे बाह्यरूप शाबूत होते, मात्र आतील अणूंची शिस्तबद्ध मांडणी नाहीशी झाली होती. वितळल्यावाचून स्फटिकाची अशी काच व्हायला जो आघात लागतो, तो ज्वालामुखीत मिळत नाही. आकाशातून कोसळणाऱ्या पाषाणातच मिळतो.

म्हणजे लोणारच्या जन्माची हकिकत कोणत्याही पोथीत वा बखरीत नव्हती. ती स्फटिकाच्या मोडलेल्या रचनेत होती. कागद वाचायला मोडी लागते, तशी स्फटिक वाचायलाही एक लिपी लागते. ती लिपी वाचण्याचे एक साधन आपल्याच महाराष्ट्रात, ट्रॉम्बेला, घडवले गेले. तिथवर पोहोचण्यासाठी याच काळ्या दगडातील दुसऱ्या एका खनिजाचा माग काढावा लागेल.

नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवला की त्याला काळ्या कणांची मिशी फुटते. जुन्या स्पीकरमधला चुंबक काढून हा खेळ आमच्याकडे पुष्कळांनी केला आहे. ते कण मुख्यतः मॅग्नेटाइट आणि त्याच्या टायटेनियमयुक्त भावंडांचे असतात. बेसाल्ट झिजतो आणि हे कण वाळूत उतरतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना याच कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा आपल्यात गोठवून ठेवली. १९५०च्या दशकात लंडनच्या क्लेग प्रभृतींनी, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती व डॉइच यांनी दख्खनच्या दगडांतील ही दिशा मोजली. ती सांगत होती की हा लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. खंड सरकतात हे मानायलाच पुष्कळ भूशास्त्रज्ञ तयार नव्हते, त्या काळातली ही साक्ष आहे.

एवढी चांगली स्मरणशक्ती असलेला हा मॅग्नेटाइट आतून असतो तरी कसा?

१९१५ साली विल्यम हेन्री ब्रॅग यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. ऑक्सिजनच्या अणूंच्या दाट रचनेत लोहाचे अणू दोन प्रकारच्या जागी बसतात. एका प्रकारच्या जागेभोवती चार ऑक्सिजन असतात, दुसरीभोवती सहा. पहिलीला 'अ' म्हणू, दुसरीला 'ब'. रचनेच्या एका घरात 'अ' जागा आठ भरतात, 'ब' जागा सोळा. कोण कुठे बसले आहे याचा हा पट झाला. पण प्रत्येक लोहअणू हा स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो आणि त्याचा बाण कोणत्या दिशेला आहे, हे क्ष-किरण सांगू शकले नाहीत. १९४८ साली फ्रान्सच्या लुई नेएल यांनी तर्क मांडला की 'अ' जागांचे बाण एका दिशेला आणि 'ब' जागांचे त्याच्या उलट दिशेला असावेत. 'ब' संख्येने अधिक, म्हणून वजाबाकीनंतर जे उरते ते मॅग्नेटाइटचे चुंबकत्व. तर्क देखणा होता, पण प्रत्यक्ष पाहिले कोणीच नव्हते.

पाहण्याचे साधन दुसऱ्या महायुद्धाने दिले, आणि तेही अनवधानाने. अमेरिकेत ओक रिज येथे अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी ग्रॅफाइटची अणुभट्टी उभारली गेली होती. युद्ध संपल्यावर अर्नेस्ट वोलन आणि पाठोपाठ क्लिफर्ड शल यांनी तिच्यातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन स्फटिकांवर सोडायला सुरुवात केली. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणून तो पदार्थात खोल शिरतो. भट्टीतून मंद होऊन निघालेल्या न्यूट्रॉनची तरंगलांबी एका सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास असते. अणूंमधले अंतरही त्याच मापाचे; म्हणून स्फटिकातून विखुरताना तो ठरावीक कोनांतच जोराने बाहेर येतो. यालाच न्यूट्रॉन विवर्तन म्हणतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, न्यूट्रॉन स्वतःही एक इवला चुंबक आहे, त्यामुळे अणूचा बाण त्याला जाणवतो. १९४९ साली शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइड थंड केले, तेव्हा आलेखात नवी शिखरे उगवली. क्ष-किरणांना समान दिसणारे शेजारी अणू चुंबक म्हणून एकमेकांविरुद्ध उभे होते. १९५१ साली शल, वोलन आणि कोहलर यांनी मॅग्नेटाइटवर हाच प्रयोग केला आणि नेएल यांचा तर्क खरा ठरला. (शल यांना नोबेल मिळाले ते १९९४ साली. वोलन १९८४ मध्येच निवर्तले होते. नोबेल मृतांना देत नाहीत. श्रेयाच्या इतिहासात आयुर्मान हाही एक घटक असतो.)

आता या कथेतील मुख्य गाठ. तीन शेजारी कल्पा, आणि प्रत्येकाची अट अशी की माझा बाण शेजाऱ्याच्या उलट असला पाहिजे. पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्याने काय करावे? वर केला तर पहिल्याशी बिनसते, खाली केला तर दुसऱ्याशी. अठराव्या शतकातले दख्खनचे राजकारण ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे चित्र परके वाटू नये. मराठे, निजाम आणि म्हैसूर, तिघांचेही उरलेल्या दोघांशी वैर. १७५७ साली आमच्या सिंदखेडला आणि १७६३ साली राक्षसभुवनला मराठे निजामाशी लढले, १७८६ मध्ये त्याच निजामासह टिपूवर गेले, आणि १७९५ साली खर्ड्याला पुन्हा निजामाविरुद्ध उभे राहिले. प्रत्येक तह तिसऱ्या बाजूने उसवत होता. उपमा उपमेपुरतीच घ्यावी, कारण अणूंना महत्त्वाकांक्षा नसते. पण तिघांचेही समाधान करील अशी मांडणीच अस्तित्वात नसणे, हा पेच दोन्हीकडे एकच आहे. इंग्रजीत या अवस्थेला 'फ्रस्ट्रेशन' म्हणतात. मराठीत कोणी 'वैफल्य' लिहितात. मला 'कुचंबणा' अधिक नेमका वाटतो: वैफल्य प्रयत्नानंतर येते, कुचंबणा मात्र जागेमुळेच होते.

मॅग्नेटाइटच्या 'ब' जागा अशाच आहेत. त्या चौघा-चौघांच्या टोकदार गटांत जोडलेल्या असतात आणि प्रत्येक गटात त्रिकोणच त्रिकोण असतात. १९५६ साली फिलिप अँडरसन यांनी दाखवले की 'ब' जागांवरील शेजाऱ्यांनी परस्परविरोधाचाच हट्ट धरला, तर त्यांच्यापुढे सारख्याच सोयीच्या (किंवा गैरसोयीच्या म्हणा) असंख्य मांडण्या उरतात आणि लांबवर टिकणारी शिस्त त्यांच्यात येऊच शकत नाही. मग मॅग्नेटाइटमध्ये ही कुचंबणा दिसत का नाही? कारण 'अ' जागेवरचा लोहअणू. 'अ' आणि 'ब' यांच्यातला विरोध इतका प्रबळ असतो की त्याच्या धाकाने सारे 'ब' एका दिशेला वळतात आणि त्यांचे आपापसातले भांडण दबून जाते.

धाक काढून घेतला तर? त्याचा उपाय जस्तात सापडतो. जस्ताच्या अणूला येथे स्वतःचे चुंबकत्व नसते आणि तो आवडीने 'अ' जागेवर बसतो. जसजसे जस्त वाढवावे, तसतसा 'अ'चा वचक कमी होतो आणि 'ब'मधली जुनी भांडणे वर येतात. १९५२ साली याफेट आणि किटेल यांनी कागदावर मांडले होते की अशा वेळी 'ब' जागांचे बाण सरळ समांतर न राहता एकमेकांशी कोन करून उभे राहतील. तो कोन म्हणजे दोन नाइलाजांमधली तडजोड. त्याला याफेट-किटेल कोन असे नाव पडले.

तो प्रत्यक्ष पदार्थात मोजण्याच्या कामी ट्रॉम्बेचा वाटा मोठा आहे.

ट्रॉम्बेचा इतिहास लोकांना दोनच शब्दांत माहीत असतो, वीज आणि बॉम्ब. ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. तिचे इंधन ब्रिटनने दिले होते. त्याच सुमारास पी. के. अय्यंगार हा पंचविशीतला संशोधक कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याकडे गेला. दोघांनी मिळून जर्मेनियमच्या स्फटिकातील कंपने न्यूट्रॉनने मोजली. १९९४चे नोबेल शल यांच्यासोबत ज्यांना मिळाले, ते हेच ब्रॉकहाउस. इकडे ट्रॉम्बेला १० जुलै १९६० रोजी ४० मेगावॅटची 'सायरस' सुरू झाली. तिचा आराखडा चॉक रिव्हरच्या एनआरएक्स या भट्टीचा आणि जड पाणी अमेरिकेचे. भट्टी अशी उसनवारीची होती. पण तिच्या भिंतीतून निघणाऱ्या न्यूट्रॉनच्या झोतासमोर जी यंत्रे उभी राहिली, ती बहुतांशी ट्रॉम्बेच्या कर्मशाळांत घडवली गेली. एक स्फटिक झोतातून एकाच तरंगलांबीचे न्यूट्रॉन निवडतो, ते नमुन्याच्या चूर्णावर पडतात, आणि एक गणित्र भोवतालच्या चाकोरीवरून अंश-अंशाने सरकत दर कोनात किती न्यूट्रॉन आले ते मोजत राहते. न्यूट्रॉन तुटपुंजे, म्हणून एका आलेखाला तासन्‌तास लागतात. ही यंत्रविद्या येथे इतकी मुरली की १९६०च्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने भारत आणि फिलिपाइन्स यांचा संयुक्त कार्यक्रम चालला आणि ट्रॉम्बेच्या लोकांनी मनिलातही न्यूट्रॉन संशोधन रुजवण्यास हातभार लावला. तंत्र देणारे देश आणि घेणारे देश, अशी सरळ विभागणी करणाऱ्यांनी ही नोंद जरूर लक्षात ठेवावी.

१९६९ साली 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये एक निबंध आला. लेखक : एन. एस. सत्यमूर्ती, एम. जी. नतेरा, एस. आय. युसेफ, आर. जे. बेगम आणि सी. एम. श्रीवास्तव. विषय : निकेल-जस्त फेराइटमधील याफेट-किटेल कोन. फेराइट म्हणजे मॅग्नेटाइटच्याच कुळातली, कारखान्यात भाजून केलेली भावंडे. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली जी काळी कांडी असे, ती फेराइटची. या पाच जणांनी जस्ताचे प्रमाण पायरीपायरीने वाढवले आणि प्रत्येक नमुन्याचे न्यूट्रॉन विवर्तन तपासले. क्ष-किरणांना लोह, निकेल आणि जस्त यांतला फरक मोठ्या कष्टाने कळतो, कारण त्यांच्या इलेक्ट्रॉनांची संख्या २६, २८ आणि ३० अशी लागोपाठची आहे. न्यूट्रॉनला मात्र जस्त लोहाहून स्पष्ट वेगळे दिसते, आणि बाणही दिसतात. जस्त कमी असताना नेएल यांचे सरळ चित्र टिकले. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेल्यावर 'ब' जागांचे बाण तिरपे झाले. कागदावरच्या कोनाला मोजलेले आकडे मिळाले. फेराइटवर काम करणारे जगभरचे संशोधक या निबंधाचा हवाला आजही देतात.

येथे थोडे थांबले पाहिजे. समाजमाध्यमांवर अशी हकिकत आली की दोन प्रकारचे वाचक लगेच पुढे येतात. एक म्हणतो, हे तर आम्हीच आधी शोधले होते. दुसरा म्हणतो, त्यात काय, पाश्चात्त्यांच्या सिद्धान्ताला आकडे जोडले. दोघेही १९६९चा निबंध आजच्या शब्दांनी वाचतात. चुंबकांच्या संदर्भात 'फ्रस्ट्रेशन' हा शब्द रुजवला तो १९७७ साली जेरार तुलूझ यांनी. म्हणजे ट्रॉम्बेच्या निबंधानंतर आठ वर्षांनी. सत्यमूर्ती आणि त्यांचे सहकारी 'कुचंबलेल्या चुंबकांचा' अभ्यास करत होते असे म्हणणे कालविपर्यास ठरेल. ते फेराइटमधला कोन मोजत होते. पण ज्या गोष्टीला पुढे ते नाव मिळाले, तिचे एक मोजलेले रूप त्यांच्या आलेखांत होते, हेही तितकेच खरे. मला वाटते, इतिहासकाराचे काम या दोन वाक्यांपैकी एक पुसण्याचे नाही. 'राष्ट्रवाद' हा शब्द येण्यापूर्वीच्या घटना तपासताना आपण जी काळजी घेतो, तीच येथेही घ्यावी.

आणि काळजीची दुसरी जागा. १८ मे १९७४ रोजी पोखरणला जो स्फोट झाला, त्याचे प्लुटोनियम 'सायरस'मधले होते. त्या प्रयोगाच्या प्रमुख शिल्पकारांत राजा रामण्णा यांच्याबरोबर पी. के. अय्यंगार होते, ट्रॉम्बेला न्यूट्रॉन संशोधनाची परंपरा सुरू करणारे तेच अय्यंगार. कॅनडाने अणुसहकार्य तोडले. म्हणजे एकाच भट्टीच्या एका अंगाने अणूंचे बाण वाचले जात होते आणि दुसऱ्या अंगाने बॉम्बचा पदार्थ तयार होत होता. विज्ञानाचा इतिहास लिहिणारे पहिले अंग सांगतात, मुत्सद्देगिरीचा लिहिणारे दुसरे. मला ही वाटणी सोयीची वाटते, प्रामाणिक वाटत नाही. ओक रिजची भट्टी बॉम्बकडून स्फटिकांकडे वळली. ट्रॉम्बेला दोन्ही व्यवहार एकाच छताखाली, बरीचशी तीच माणसे करत होती.

सहकार्य तुटल्यानंतरच्या काळात देशातच आखलेली १०० मेगावॅटची 'ध्रुव' ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झाली. इंधनाच्या कंपनांच्या अडचणीमुळे तिला पूर्ण शक्तीवर पोहोचायला १९८८ उजाडले. 'सायरस' २०१०च्या अखेरीस कायमची बंद झाली. 'ध्रुव'भोवतीचे न्यूट्रॉन झोत आता राष्ट्रीय सुविधा मानले जातात आणि विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संस्थेमार्फत विद्यापीठांतील संशोधकही तेथे आपले नमुने तपासतात.

दरम्यान कुचंबणेचा विषय कुठल्या कुठे गेला. १९७३ साली अँडरसन यांनीच आणखी धाडसी कल्पना मांडली होती. अणूचा बाण सर्वांत लहान मापाचा असेल, म्हणजे तांब्याच्या अणूत असतो तसा अर्ध्या फिरकीचा, तर त्रिकोणात अडकलेले बाण तिरपी तडजोडही करणार नाहीत. ते जोड्या बांधतील, मोडतील, आणि पुंजभौतिकीच्या नियमाने एकाच वेळी सर्व जोड्यांत असतील. कितीही थंड करा, शिस्त येणार नाही. यालाच पुंज स्पिन-द्रव म्हणतात. असा पदार्थ खरोखर आहे का, या शोधातला सर्वांत गाजलेला उमेदवार म्हणजे हर्बर्टस्मिथाइट, तांबे आणि जस्त यांचे हिरवे खनिज. त्यात तांब्याचे अणू जपानी टोपल्यांच्या विणीसारख्या, टोकाला टोक जुळलेल्या त्रिकोणांच्या जाळीत बसतात आणि दोन जाळ्यांच्या मध्ये जस्त असते. २००५ साली ते प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात तयार झाले. न्यूट्रॉनने पाहता अतिशय थंड करूनही त्याच्या आलेखात चुंबकीय शिस्तीची शिखरे उगवली नाहीत.

पण शिखर न उगवणे हा पुरावा निसरडा असतो. शिस्त नाही याचे कारण पुंजभौतिकी आहे, की नमुन्यातली अणूंची सरमिसळ? तांब्याचे इलेक्ट्रॉन २९, जस्ताचे ३०. साध्या क्ष-किरणांना हे दोघे जवळजवळ जुळे दिसतात. न्यूट्रॉनला त्यांतला फरक कळतो, मात्र खनिजातील हायड्रोजन आलेखभर धुरळा उडवतो, म्हणून त्याच्या जागी ड्युटेरियम घालून नमुने बनवावे लागतात. तशी मोजमापे झाली, खास तरंगलांबीचे क्ष-किरणही वापरले गेले, आणि कळले की जस्ताच्या जागांवर काही प्रमाणात तांबे घुसलेले असते. त्या घुसखोर तांब्याचे चुंबकत्व वजा कसे करायचे आणि उरलेल्या वागणुकीतून स्पिन-द्रवाचा दावा कितपत करता येतो, यावर अजून वाद चालू आहे. १९६९ साली ट्रॉम्बेच्या नमुन्यांतही बाणांच्या कोनाविषयी बोलण्याआधी ठरवावा लागलेला पहिला प्रश्न हाच होता : जस्त नेमके कोणत्या जागेवर बसले आहे?